दहावी झाली, भावाला ट्रॅक्टर-डिझेल लाईनला टाकायचंय. आयटीआय का मामाचं गॅरेज?

लोणीकाळभोरकर

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची यंदा दहावी झाली, ६१ टक्के. अभ्यासात मन नाही हे घरात सगळ्यांना माहितीय पण पोराच्या हातात कला आहे, घरचा फवारणीचा पंप, शेजाऱ्यांचा पॉवर टिलर, जे सापडेल ते खोलतो आणि मुख्य म्हणजे परत बसवतो पण. त्यामुळं आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. वडील म्हणतात आयटीआय कर, हातात सर्टिफिकेट पाहिजे. मामाचं सोलापूर रोडला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, तो म्हणतो शाळा परत कशाला, उद्यापासून ये माझ्या हाताखाली, वर्षात इंजिन बांधायला शिकवतो. आई कुठल्याच पार्टीत नाही, ती म्हणते कुठंही जा, ऑइलचे कपडे मलाच धुवायचेत.

आता ऑनलाइन फॉर्ममध्ये तीन नावं दिसतात, मेकॅनिक डिझेल, मेकॅनिक ट्रॅक्टर आणि मेकॅनिक ॲग्रिकल्चरल मशिनरी. तिन्हीत नेमका फरक काय? कुठलं वर टाकू? शिवाय शहरातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटचा रोज फोन येतोय, तीन महिन्यांचा डिप्लोमा आणि शंभर टक्के नोकरी म्हणे. आणि शेवटचं, सगळीकडं इलेक्ट्रिक इलेक्ट्रिक चाललंय, हा शिकून बाहेर पडेपर्यंत डिझेल राहणार का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

निवृत्त_निदेशक

खोलणारी पोरं पुष्कळ बघितली, परत बसवणारी कमी. तेव्हा लाईन बरोबर निवडताय.

तिन्ही ट्रेडला दहावी पास लागते. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, त्यात सगळं लक्ष इंजिनवर, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन-लायनर, फ्युएल सिस्टीम, कूलिंग, स्टार्टर-अल्टरनेटर. हे शिकलेला पोरगा ट्रक, जनसेट (डिझेलवर वीज बनवणारा जनरेटर), जेसीबी, काहीही धरू शकतो. मेकॅनिक ट्रॅक्टर पण एक वर्षाचा, त्यात इंजिन आहेच पण पुढं क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट), हायड्रॉलिक लिफ्ट (ऑइलच्या दाबानं अवजार उचलणारी) असा अख्खा ट्रॅक्टर येतो. ॲग्रिकल्चरल मशिनरी दोन वर्षांचा, त्यात ट्रॅक्टरसोबत अवजारं, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, पंप वगैरे. दोन वर्षांच्या ट्रेडचा एक फायदा लोकांना माहितीच नसतो, तो म्हणजे पुढं पोराचं डोकं चाललं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. घरी शेती आणि मामाचं ट्रॅक्टरचं गॅरेज असताना मी तरी ट्रॅक्टर किंवा ॲग्री मशिनरी वर टाकली असती, डिझेल त्याखाली.

प्रवेश सगळा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरनंच होतो, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. ऑप्शन भरताना एकच सांगतो, पहिल्या नंबरला जे टाकाल तेच मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतनं नाव जातं. त्यामुळं "बघू, टाकून ठेवू" असं पहिल्या नंबरला काही टाकू नका. आणि फक्त पुण्यातल्या औंधच्या आयटीआयच्या मागं लागू नका, तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी आयटीआय आहेत आणि कधीकधी तिथलं वर्कशॉप शहरापेक्षा बरं असतं.

ते ओळखायचं कसं? भावाला घेऊन जा, वर्कशॉपमध्ये उभं राहा आणि विचारा, यातलं कुठलं इंजिन पोरांनी स्वतः बांधून चालू केलंय? नुसतं कापून रंग दिलेलं मॉडेल दाखवलं तर समजून जा. चालू होणारं इंजिन असेल तर त्याच्याखाली ऑइलचा डाग असतो, खाली वाकून बघा.

पण मी आयुष्यभर आयटीआयमध्ये शिकवलेलं असूनही सांगतो, मामाचं गॅरेज सोडू नका. एका बॅचला वीस-चोवीस पोरं आणि चालू इंजिनं दोन-तीन, प्रत्येकाच्या हाताला काम येणार किती? दिवसा आयटीआय, सुट्टीत आणि संध्याकाळी मामा.

---

उरुळीचा_फिटर

सर गॅरेजची बाजू घेतायत तर मी गॅरेजवाला असून आयटीआयची घेतो 😄

मी स्वतः हाताखाली शिकलो, आमचे उस्ताद पाना फेकून मारायचे, का मारला ते सांगायचे नाहीत. शिकलो पण वर्षं लई गेली. कारण गॅरेजात काम येतं तसं शिकतो माणूस, क्लचप्लेटचा सीझन असला तर सहा महिने क्लचप्लेटच, आणि का होतंय हे कुणी सांगत नाही, फक्त काय बदलायचं ते सांगतात.

आता माझ्याकडं आयटीआय केलेला एक पोरगा आहे त्याचं सांगतो. उन्हाळ्यात, ऐन मशागतीत एक ट्रॅक्टर आला. चालू व्हायचा, थोडा वेळ पळायचा आणि लोड आला की फसफस करून बंद. मालकानं आधी दुसरीकडं दाखवलेला, तिथं नोजल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून पंप-नोजल दुरुस्तीवाल्याकडं पाठवले, वर पंपाचं काम पण सांगितलं, मालक डोक्याला हात लावून माझ्याकडं आला. माझा पोरगा पाना उचलायच्या आधी टाकीकडं गेला. टाकीचं झाकण ढिलं करून चालवला, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत ओढ बसते आणि डिझेल येत नाही. तरी बंद. मग फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू ढिला केला, फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल ओढणारा छोटा पंप) हातपंप मारला, तर डिझेलऐवजी फेस. म्हणजे हवा धरली. आता हवा कुठनं येते हे शोधायला लोक सगळी लाईन काढतात, ह्यानं काय केलं, फीड पंपाला पारदर्शक नळी लावून कॅनमधनं डिझेल दिलं, ट्रॅक्टर मस्त पळाला. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोजल सगळे सुटले, दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच. तिथं काचेच्या वाटीच्या वरचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट), त्याच्याखाली तांब्याचा वॉशर, तोच जुना दाबून चपटा झालेला परत घातलेला. ओढणाऱ्या बाजूला असल्यामुळं बाहेर डिझेलचा थेंब नाही, आतमध्ये मात्र हवा ओढतंय. वॉशर चहाच्या किमतीचा आणि मालकाचं पंपाचं काम निघत होतं हजारांत.

त्याला विचारलं कुठं शिकला, म्हणाला आयटीआयत सरांनी सवय लावली, डिझेल टाकीतनं निघतं तिथनं सिलेंडरपर्यंत बोटानं वाट दाखव, मग पाना घे. हे मामा शिकवेल का? शिकवेल पण त्याला स्वतःला वेळ नसतो ओ, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं.

म्हणून माझं मत, आयटीआय करू दे. आणि मामाला सांगा पोराला नुसतं पार्ट धुवायला बसवू नको.

---

चहा_बिस्कीट

इंजिनिअर बेकार फिरतायत आणि तुम्ही पोराला ग्रीसमध्ये घालताय. उद्या लग्न जमायचं वांदं होईल बघा, मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरी कुठं हाच विचारतात.

---

जनसेटवाली_कोथरूड

चहा_बिस्कीट, मी मुलगी आहे आणि मेकॅनिक डिझेल केलंय, माझं लग्न पण झालंय, तुमचा चहा गार होतोय 🙂

लोणीकर दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत ट्रॅक्टर बरोबरच आहे पण डिझेल ट्रेडला कमी समजू नका. पुणं हे डिझेल इंजिनचं जुनं गाव आहे, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आणि कोथरूडला कमिन्स १९६२ पासून, त्यामुळं इथं सर्व्हिसची, पार्टची, मशीन शॉपची अख्खी साखळी आहे. हॉस्पिटल, आयटी पार्क, मोठ्या सोसायट्या, सगळ्यांकडं जनसेट. लाइट गेल्यावर सेट उचलला नाही तर रात्री दोनला पण फोन येतो हे मात्र आधीच सांगून ठेवते.

आणि आता नुसता पाना चालत नाही. १ जुलै २०२३ पासून जनसेटला सीपीसीबी फोर प्लस नॉर्म (केंद्रीय प्रदूषण मंडळाचे धुराचे नियम) लागले, तेव्हापासून नवीन सेटवर सेन्सर, कंट्रोलर, धूर साफ करणारी सिस्टीम असं बरंच आलंय. आमच्याकडं जुने जाणते मिस्त्री आहेत, आवाजावरनं कुठल्या सिलेंडरची टॅपेट सैल आहे ते सांगतात, पण फॉल्ट कोड आला की मला हाक मारतात. दोघं मिळून काम होतं. भावाला मल्टीमीटर धरायला आत्तापासून शिकवा, बॅटरीचे व्होल्ट, अर्थिंग, वायर तुटली का, एवढं जरी आलं तरी तो बाकीच्यांच्या पुढं असेल.

खासगी इन्स्टिट्यूटबद्दल, माझ्या मावसभावानं अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते, नाव घेत नाही. वर्गात प्रोजेक्टर भारी होता, इंजिन एकच आणि तेही काचेच्या कपाटामागं. शंभर टक्के नोकरी म्हणजे एका कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू होता. फोनवाल्याला एकच विचारा, सर्टिफिकेट कुणाचं? आयटीआयवाल्याला शेवटी एनटीसी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, ते देशभर धरतात.

---

चाकणचा_सर्व्हिसवाला

ट्रॅक्टर डीलरकडं सर्व्हिसला आहे, कुठली कंपनी ते राहू द्या.

ताई म्हणतायत तेच आमच्याकडं पण आहे फक्त जरा उशिरा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम फोर (ट्रॅक्टरच्या धुराचे नियम) लागू झालं त्यामुळं त्यात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधनं डिझेल) आली, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आला. पण आपल्याकडं जास्त खपतात ते पन्नासच्या आतले, ते बहुतेक मेकॅनिकल पंपावरचेच, आणि गावात जुने ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं चालतात. म्हणजे भावाला दोन्ही यावं लागणार. जुन्या नोजलचं ओपनिंग प्रेशर साधारण दोनशे बारच्या आसपास, कॉमन रेलमध्ये हजाराच्या वर, दीड-दोन हजारपर्यंत जातं. एवढ्या प्रेशरला कचऱ्याचा बारीक कण पण इंजेक्टर खातो. आणि आपले लोक काय करतात, रानात कॅनमधनं डिझेल ओततात, नरसाळ्यात जुन्या बनियनचा कपडा. त्या कपड्याचेच धागे आम्हाला फिल्टरमध्ये सापडतात. गिऱ्हाइकाला हे न दुखवता सांगणं हा पण ट्रेडचाच भाग आहे आणि तो कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

माझ्या मते लोक इंजिनच्या मागं लागतात आणि हायड्रॉलिककडं कुणी बघत नाही. सीझनला निम्म्या तक्रारी लिफ्टच्या असतात, वर जात नाही, वर जाऊन थांबत नाही, नांगर एका खोलीला राहत नाही. पोझिशन कंट्रोल (अवजार एका उंचीला धरणारा) आणि ड्राफ्ट कंट्रोल (ओढीप्रमाणं नांगराची खोली बदलणारा) यातला फरक ड्रायव्हरलाच माहीत नसतो, चुकीचा लिव्हर वापरतो आणि ट्रॅक्टर बिघडला म्हणून आणतो. ऑइलची लेव्हल आणि सक्शनची जाळी बघितली तरी कितीतरी केसेस तिथंच मिटतात. ज्या पोराला हायड्रॉलिक येतं तो आमच्याकडं टिकतो.

इलेक्ट्रिकचं टेन्शन घेऊ नका. सोनालिकानं २०२० च्या डिसेंबरात इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आणला, अजून आपल्या भागात दिवसभर नांगरट करायची तर सगळे डिझेलच काढतात. रानात दुपारी बॅटरी उतरली तर चार्जर बांधावर कुठं लावणार. आणि उद्या आलाच तरी गिअर, पीटीओ, लिफ्ट, टायर हे सगळं त्याला पण आहेच.

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप मात्र सोडू नका. १९६१ च्या कायद्यानं तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७००० विद्यावेतन ठरलं होतं. पगार म्हणून बघितलं तर कमीच पण कंपनीचं टूलिंग आणि मॅन्युअल हातात पडतं.

---

लोणीकाळभोरकर

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना आणि मामाला दोघांना समोरासमोर बसवून वाचून दाखवलं. मामा वॉशरच्या किश्श्यावर गप्प झाला आणि मग म्हणाला "हे मला पण माहिती आहे" 😅

फायनल असं ठरतंय, पहिला ऑप्शन ॲग्रिकल्चरल मशिनरी, मग ट्रॅक्टर, मग डिझेल. सुट्टीला मामाकडं. मामाकडं माणसं तीनच आहेत, त्याच्याकडं केलेलं काम अप्रेंटिसशिप म्हणून कागदावर धरतील का? आणि आईचा एक प्रश्न, ह्यात धोका कितपत असतो? परवाच वस्तीवर एकाचा शर्ट मशीनमध्ये अडकला होता, तेव्हापासून ती घाबरलीय.

---

निवृत्त_निदेशक

मामाकडचं अप्रेंटिसशिप म्हणून धरणार नाहीत, त्यासाठी आस्थापनेत किमान चार माणसं लागतात आणि रीतसर करार पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्याच्याकडचं काम हात बसायला. तुमच्या मामाकडं जी पोरं नुसतं बघून शिकलीत त्यांच्यासाठी आरपीएल म्हणून सोय आहे, आधी येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, कृषी क्षेत्रासाठी वेगळी स्किल कौन्सिल आहे तिच्यामार्फत. मामालाही सांगा, बँकेत लोन मागायला गेला की उपयोगी पडतं. आणि पुढं कधी संधी मिळाली तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथले छोटे कोर्स चांगले असतात. हिंदी जेमतेम आली तरी भागतं.

आईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पीटीओ ५४० आरपीएमला फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. गमछा, मोकळी बाही, उपरणं अडकलं तर माणसाला ओरडायला पण वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर लोक अडचण म्हणून काढून ठेवतात, तसला ट्रॅक्टर आला तर आधी कव्हर घाला मग काम. दुसरं, लिफ्टनं उचललेल्या रोटाव्हेटरखाली कधीही शिरायचं नाही, खाली ठोकळे लावल्याशिवाय ब्लेड बदलायला बसायचं नाही, एक नळी फुटली की अवजार सरळ खाली.

---

चाकणचा_सर्व्हिसवाला

सरांच्या यादीत एक घालतो, कॉमन रेलची गळती बोट फिरवून बघायची नाही. जुन्या ट्रॅक्टरवर पाइपला हात लावून गळती बघायची सवय असते सगळ्यांना, इथं ती सवय जिवावर येते. बारीक फवारा कातडीतनं आत जातो, बाहेरनं टाचणी टोचल्यासारखं दिसतं म्हणून माणूस घरी जातो आणि आतमध्ये डिझेल पसरून हात सडायला लागतो. असं काही झालं तर मलमपट्टी करत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला आणि डॉक्टरला सांगायचं की प्रेशरचं डिझेल आत गेलंय. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबनं धरायचा, ओला झाला की कळतं. आणि इंजिन बंद केल्या केल्या नट खोलायचा नाही, प्रेशर उतरायला वेळ द्यायचा.

---

उरुळीचा_फिटर

हत्यारं कुठनं घेणार? एकदम मोठा सेट घेऊ नका, पोरं सेट घेतात आणि त्यातले चारच पाने वापरतात. रिंग पाने, एक बऱ्यापैकी गोटी (सॉकेट) सेट, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, बास. पुण्यात बोहरी आळीत फिरा, भाव करा. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पण चांगले जुने पाने मिळतात, तोंड पसरलेलं नाही ना एवढं बघून घ्यायचं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना) मात्र जुना अजिबात नको, तो खरं दाखवतोय का खोटं हे बघून कळत नाही आणि हेडचे बोल्ट अंदाजानं आवळले की पॅकिंग जातं. पहिलं वर्ष मामाचाच वापरू दे.

---

लोणीकाळभोरकर

रविवारी जातोच त्याला घेऊन. बूट पण घ्यावेत का? तो सध्या चपला घालून काम करतो.

---

जनसेटवाली_कोथरूड

पाने नंतर घ्या, बूट आधी. पुढं स्टीलची टोपी असलेले, आणि तळवा ऑइलवर न घसरणारा आहे ना ते दुकानात विचारून घ्या. माप एक नंबर मोठं घ्या, जाड मोजे घालावे लागतात.